सुंभ, नवार आणि नायलॉन

प्रिय अक्का,

परवा तुझं वर्षश्राद्ध आहे. तुला पत्र लिहिण्याची मला सवय नाही. चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या दोन बहिणी एकमेकींना पत्रं कशाला लिहितील? पण काल हमीदभाईंनी तुझी बाज विणून पूर्ण केली, आणि ती कशाने विणली हे तुला सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. मागच्या वेळी हा निर्णय मी घेतला होता. तू फक्त मान डोलावली होतीस.

आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. तरी सगळं पहिल्यापासून क्रमाने मांडायची माझी खोड तुला ठाऊक आहे, तेव्हा ऐकून घे. माणूस गेलं की त्याच्या बाजेची वीण उसवायची, चौकट भिंतीला टेकवून ठेवायची, वर्ष भरायच्या आत ती पुन्हा विणायची, आणि विणून झाली की घरच्याच माणसाने तिच्यावर पहिल्यांदा बसायचं. मुखेडला तात्यांच्या वेळी आईने असंच केलं होतं. तेव्हा मी ह्या रीतीला काय आधार आहे असं विचारलं होतं आणि तू मला चिमटा काढला होतास. आठवतं?

ती चौकट वर्षभर अंगणात बदामाच्या झाडामागे उभी होती. चार पाय, चार दांड्या आणि मध्ये काही नाही. रोज सकाळी चहा घेताना मी तिच्यातून पलीकडची भिंत पाहायची.

गेल्या महिन्यात हमीदभाई आपण होऊन आले. गंजगोलाईजवळचं त्यांचं दुकान आता मुलगा पाहतो आणि तिथे बाजा नाहीत, तयार खुर्च्या असतात. दारातूनच म्हणाले, "म्याडम, अक्काची चौकट अजून अशीच? बाभळीचं लाकूड हाय, उन्हात राहून राहून चीर पडंल. सांगा, कशानं विणू?"

कशानं विणू! अक्का, हा प्रश्न मी एकदा सोडवला होता. लेखी सोडवला होता.

तो कागद मला तुझ्या ट्रंकेत सापडला. तुझी लुगडी वाटून टाकायला काढली तेव्हा अगदी तळाशी, घडी घालून ठेवलेला. कॉलेजच्या उत्तरपत्रिकेचं कोरं पान, त्यावर माझ्या हाताने आखलेला तक्ता. डावीकडे चार नावं: अंबाडीचा सुंभ, काथ्या, सुती नवार, नायलॉनची दोरी. वर रकाने: ऊन, पाऊस, धूळ, ढेकूण, आयुष्य, देखभाल, आवाज. प्रत्येक चौकटीत एक शब्दाचा शेरा. खाली दोन रेघा ओढून निष्कर्ष.

तू हा कागद का ठेवलास? तुला त्यातलं निम्मं वाचता येत नव्हतं. चुलीला लावायला कागद कमी होते का घरात?

त्या दिवशीचं तुझं बोलणं मात्र मला शब्दशः आठवतं. हमीदभाईंनी चारही नमुने ओट्यावर मांडले होते आणि मी तक्ता भरत होते. तू तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "काय लिहून राहिलीस गं एवढं? लई शिकलीस म्हणून बाजेची बी परीक्षा घेतीस व्हय?"

"घ्यायलाच हवी. नाहीतर दर दोन वर्षांनी तोच वाद."

"मग सुंभ पास का नापास, तेवढं सांग."

"पाच विषयांत नापास."

हमीदभाई हसले. म्हणाले, "बाईसाब, सुंभ खानदानी चीज हाय. पर मेहनत लई मागतो. दर महिन्याला ताण द्या, पावसात भिजू देऊ नका, नाहीतर आखडून चौकट वाकवतो. हे नायलॉन बघा. बेशरम हाय. ऊन, पाऊस, कशाचंच काही नाही."

"ऐकलंस?" मी म्हणाले.

तू सुपातला खडा बाजूला टाकलास. "ऐकलं. बेशरम हाय म्हणाला त्यो. मी कशाला झोपू बेशरमावर?"

आपण तिघंही हसलो, आणि मला वाटलं की वाद तिथेच संपला. विनोद हे उत्तर नव्हे, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवत आले होते.

माझी बाजूही तुझ्यापुढे मांडते, कारण ती खोटी नव्हती. तुझे गुडघे गेले होते. माझा खांदा दुखायचा. आभाळ जरा काळवंडलं की तू अंगणातून ओरडायचीस, "कमे, ये गं, बाज उचल! भिजतीय!" मी जे काही वाचत असेन ते उलटं ठेवून धावायची. मग एकीकडून तू, दुसरीकडून मी, दारात अडकायचं, तू म्हणायचीस आडवी कर, मी म्हणायची उभी, आणि तोवर दोघीही भिजलेल्या. दोन म्हाताऱ्या बायकांना हे किती दिवस झेपणार होतं? शिवाय वरच्या मजल्यावर शिकवणीच्या मुली राहायला आल्या होत्या. साऱ्या गल्लीत तेव्हा वरचे मजले चढत होते, आणि नांदेडकडच्या, मुखेडकडच्या, उदगीरकडच्या पोरी डॉक्टर व्हायला लातुरात उतरत होत्या. त्या दिवसभर पुस्तकं घेऊन तुझ्या बाजेवर बसायच्या. सुंभ टिकला असता का? नायलॉन ही दयेचीच निवड होती, अक्का. ती तुझ्यासाठी होती.

राहिला शेवटचा रकाना, आवाज. सुंभासमोर मी लिहिलं होतं: "करकर. दोष." नायलॉनसमोर: "नाही. गुण."

ह्या रकान्याचं मूळ तुला माहीत होतं. ते कागदावर नव्हतं, इतकंच.

भूकंपानंतरचे ते दोन महिने. आपलं घर उभं राहिलं होतं, माजघराच्या भिंतीला फक्त एक लांब चीर गेली होती. पण किल्लारीकडून येणारं माणूस जे सांगायचं ते ऐकून छपराखाली बसायची कुणाचीच छाती होत नव्हती. अख्खी गल्ली अंगणात राहायला आली. कॉलेज बंद. आपण बदामाला ताडपत्री बांधली. बाज एकच होती, ती मुखेडहून तू एसटीच्या टपावर टाकून आणलेली, तात्यांनी स्वतः वाख, म्हणजे अंबाडीचे तंतू, वळून केलेल्या सुंभाची. तू म्हणालीस वर झोप. मी म्हणाले, मी जमिनीवरच बरी. पडायचंच असेल तर आधीच पडलेलं चांगलं. तू कपाळावर हात मारलास.

दुपारी जेवून आपण आडव्या व्हायचो, तू वर, मी खाली चटईवर. जमीन मधूनच हलायची, आणि न हलतानाही हलल्यासारखी वाटायची. तुझी बाज करकरली की मी ताडकन उठून बसायची. तर्कशास्त्राची प्राध्यापिका! दोन्ही हातांनी चटई धरून! मग वरून तुझा झोपाळू आवाज यायचा.

"मीच कूस बदलली गं. भूकंप न्हाई, मी हाय."

दिवसातून किती वेळा म्हणाली असशील ते? शेवटी शेवटी तर करकर व्हायच्या आधीच सांगायचीस, "कमे, आता मी वळणार हाय बरं का." शेजारच्या ताडपत्रीतले लोक हसायचे. मी रागवायची. पण सांगते, त्या दोन महिन्यांत मला धरून ठेवलं ते ह्या एका वाक्याने. वर्तमानपत्रात येणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लेखांनी मला काही मिळालं नव्हतं.

भीती गेली, आवाजाची चीड राहिली. पुढे वीस वर्षं ती बाज करकरली की मी क्षणभर हाताशी येईल ते घट्ट धरायची. तुला मी कधी बोलले नाही. रकाना आखला आणि शेरा लिहिला. स्वतःच्या भयाला मी वस्तूचा दोष ठरवलं, आणि हा हेत्वाभास ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने अधोरेखित केला, तिला तो स्वतःच्या कागदावर दिसला नाही.

तर नायलॉन आलं. निळं आणि पांढरं. मुलींना फार आवडलं. आणि तू त्यावर जुन्या लुगड्यांची जाड वाकळ अंथरलीस.

हा माझा तुझ्यावरचा एकमेव आरोप आहे, अक्का, म्हणून तो सावकाश वाच. मे महिन्यात, लातूरच्या मे महिन्यात, तू वाकळ अंथरून झोपायचीस! मी विचारलं, "गरम होत नाही का?" तू म्हणालीस, "न्हाई, सवय हाय." मी विचारलं, "दोरी रुतते का?" तू म्हणालीस, "हाव, पण वाकळीनं न्हाई रुतत." आणि पापड वाळत घालायला निघून गेलीस. दोरी उन्हात तापायची, घाम शोषायची नाही, पाठीला वळ उठायचे. हे मला तू गेल्यावर कळलं, वीण उसवायच्या आधी मी स्वतः एका दुपारी तिच्यावर पडून पाहिलं तेव्हा. तू भांडली का नाहीस? भाजीवाल्याशी अर्धा तास भांडणारी तू! आपण हरलो म्हणून गप्प बसलीस, की मी जिंकले म्हणून?

आणखी एक गोष्ट घडली ती तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसली नसती. आभाळ यायचं, पाऊस पडायचा, बाज अंगणातच भिजायची. "कमे, ये गं, बाज उचल" असं कुणी म्हणेना. माझं वाचन अखंड चालू राहिलं. मला वाटलं, सोय झाली.

आता त्या दुपारचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुला दोन दिवस ताप होता. उतरला होता. तू म्हणालीस, आत कोंडतंय, झाडाखाली पडते. मी तुला धरून नेलं, वाकळ टाकली, उशी दिली, तांब्या ठेवला. मग खिडकीशी येऊन बसले. ह्याच खिडकीशी, जिथून आता लिहिते आहे. दहा फूट अंतर. वाचत होते. दीड तास वाचत होते. मधूनमधून पाहिलं तर तू भिंतीकडे तोंड करून निजलेली. मला वाटलं, शांत झोप लागली आहे. अंगणात काहीही आवाज नव्हता.

चहा घेऊन गेले तेव्हा वाकळ अर्धी खाली ओढलेली होती आणि तांब्या कलंडला होता.

तू कूस बदलली होतीस, अक्का. किती वेळा, कोण जाणे. एकदा तरी हात तांब्यापर्यंत गेला होता. सुंभ असता तर मला पहिल्याच करकरीला कळलं असतं. वीस वर्षं मी त्या आवाजाला जागी होते. पण नायलॉन बोलत नाही. तो त्याचा गुण. मीच लिहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, कळलं असतं तरी फरक पडला नसता, हृदय होतं, काही मिनिटांचं काम होतं. त्यांचा युक्तिवाद मी तपासला आहे. तो निर्दोष आहे. पण मी वाचवण्याबद्दल म्हणतच नव्हते. जाणाऱ्या माणसाला बाजेवरून जमिनीवर घ्यायचं असतं, डोकं मांडीवर घ्यायचं असतं, तोंडात दोन थेंब पाणी घालायचं असतं. तात्यांचं तू केलंस, आईचं तू केलंस. तुझं करायला मी दहा फुटांवर होते.

असो.

तर हमीदभाईंनी विचारलं, कशानं विणू, आणि मी तो तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. वरच्या मुलींपैकी वैष्णवी तिथेच होती. ही अर्धापूरची, वडिलांची केळीची बाग आहे, दर खेपेला दोन फण्या घेऊन येते आणि तू असताना तुझ्याशी केळफुलाच्या भाजीवरून वाद घालायची. तिचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला. ती म्हणाली, "मॅडम, त्यापेक्षा वेताचा झोपाळा घ्या ना. खरा वेत नाही, वेतासारखा दिसतो तसला. फोनवरून मागवता येतो. धुतला की स्वच्छ."

मी हमीदभाईंना म्हणाले, "सुंभ. अंबाडीचा."

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "म्याडम, तुम्हीच नापास केला होता ना?"

"पेपर तपासण्यात चूक झाली होती."

"पर अंबाडी आता भाजीपुरती पेरतेत. वाख काढून वळत बसायला टाइम कुणाला? काथ्या देऊ का? दिसायला तसाच."

"काथ्या करकरतो का?"

"थोडा थोडा."

"मग नको."

ते म्हणाले, "मुखेडच्या बाजारात बघा. तिकडं कुणी म्हातारं असंल वळणारं."

अक्का, मी मुखेडला गेले! एकटी, एसटीने, ह्या वयात. खिडकीशी जागा मिळाली. बाजाराच्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नाही, हे तू पाहिलं असतंस तर खूश झाली असतीस. बैलांच्या दोऱ्या विकणाऱ्यांच्या रांगेत सगळं पिवळं, हिरवं, गुलाबी प्लास्टिक. शेवटी एका बाईजवळ सुंभ मिळाला. तुझ्याच वयाची असेल. पायाच्या अंगठ्याला वाख अडकवून तिथेच वळत बसली होती. मी विचारलं, एका बाजेला पुरेल का? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाज कुणाला? तुमाला? रुतंल की वं बाई. नवा हाय. वरीसभर टोचंल, मंग मऊ व्हतंय."

"टोचू दे."

"आनि वाजंल बी."

"वाजू दे."

"अगं बया!" ती शेजारणीला म्हणाली, "शहरातली मानसं काय काय मागून राहिलीत!"

सगळ्या लडी घेऊन आले. हमीदभाईंनी त्या भिजत घातल्या. विणताना पलीकडून दोरी ओढायला मी बसले, कारण त्यांच्या मुलाला येत नाही आणि त्यांचे हात आता थरथरतात. दोन दिवस लागले. माझ्या तळहातांना फोड आले आहेत, अक्षर वेडंवाकडं दिसत असेल तर त्यामुळे. तरीही दोरी पायथ्याकडे चार बोटं कमी पडली. तिथे त्यांनी ताणाला तुझंच जुनं निळं-पांढरं नायलॉन लावलं. मी हरकत घेतली नाही. ताण धरून ठेवायला ते खरोखर उत्तम आहे. जे ज्याचं ते त्याला दिलं पाहिजे.

बाज आता झाडाखाली आहे. परवा विधी झाला की मी तिच्यावर पहिल्यांदा बसेन असं ठरवलं आहे. घरचं माणूस म्हणजे आता मीच एक. दुसरं कोण आहे म्हणा

*

वाक्य अर्धं सुटलं. आता संध्याकाळ झाली आहे. मधल्या वेळात काय झालं ते सांगते.

मी "म्हणा" लिहिलं आणि अंगणात करकर झाली.

अक्का, मी ताडकन उठले. दोन्ही हातांनी टेबल धरलं! मग पुन्हा करकर, लगेच तिसऱ्यांदा. खिडकीतून पाहिलं तर वैष्णवी. शिकवणीहून परतलेली, पाठपिशवी जमिनीवर, आणि ती बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला रीत कुठे माहीत? ती सारखी ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत होती आणि सुंभ प्रत्येक वेळी सांगत होता.

मी तांब्या भरून घेतला आणि बाहेर गेले. चष्मा आतच राहिला.

ती दचकून उठली. डोळे सुजलेले. "सॉरी मॅडम. आवाज झाला का? तुमचं लिहिणं चालू होतं. मी आता हलत नाही, गप्प पडून राहते."

"हल बाई," मी म्हणाले. "खुशाल हल."

चाचणीत गुण फार कमी आले होते. गेल्या वर्षापेक्षाही कमी. वडिलांना फोन करायचा होता आणि होत नव्हता. हे तिने पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी. तुझ्यासारखं पाठीवरून हात फिरवणं मला येत नाही. मी तिच्या शेजारी बसले. बाज जोरात करकरली. ती घाबरून म्हणाली, "मॅडम, तुटते का काय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही गं. मी आहे."

मग आम्ही दोघी तिथे बसून होतो. सुंभ खरंच टोचतो. दिवेलागणीला तिने वडिलांना फोन लावला. मी उठू लागले तर म्हणाली, बसा ना. तिकडून ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण ती एकदा रडली आणि एकदा हसली. आता वर जेवते आहे.

तेव्हा रीत मोडली का, हे तूच ठरव. नियम असा की विणलेल्या बाजेवर पहिल्यांदा घरचं माणूस बसतं. वैष्णवी पहिल्यांदा बसली, हे तथ्य. यातून निष्कर्ष काय निघतो ते मी तुला शिकवायला नको. मला तो मान्य आहे.

आता वचन देते, आणि मी वचन जपून देते हे तुला माहीत आहे. दर महिन्याला मी ह्या बाजेला ताण देईन. आभाळ आलं की अंगणात उभी राहून ओरडेन, "ये गं, बाज उचल," आणि वरून जी येईल तिच्याशी दारात आडवी की उभी यावरून भांडेन. आणि बाज वाजली की, हातातलं पान कितीही मोलाचं असो, मी उठून बाहेर जाईन. दर वेळी. तो वारा असला, मांजर असलं, तरीसुद्धा. तक्ता मी फाडलेला नाही. "दोष" खोडून तुझ्या ट्रंकेत होता तिथेच परत ठेवला आहे.

परवा पानावर केळफुलाची भाजी असेल. वैष्णवी म्हणते तिची पद्धत बरोबर. तू येऊन सांग तिला.

तुझी,
कमे